नालीवरचं धोतर

माझ्या रिक्षाच्या झिजलेल्या टायरांवर नवं रबर चढवून देणारा एक माणूस जुन्या जालन्यात आहे. तो मोजकंच बोलतो, तेही समोरच्याकडे न बघता. टायर घासताना पडणारा काळा चुरा तो रोज झाडून पोत्यात भरतो. उरलेला पावसात वाहून जाऊ नये म्हणून दुकानापुढच्या नालीला त्याने जाळी बसवली आणि तिच्यावर जुनं धोतर ताणलं.

मी एकदा म्हणालो, "साऱ्या रस्त्यावर टायर झिजून राह्यले. तुमी कितीक गाळणार?"

"माह्या दुकानाचं तेवढं."

गेल्या पावसाळ्यात धोतर चोंदलं, नाली तुंबली आणि पाणी शेजारच्या धान्याच्या दुकानात शिरू लागलं. शेजारी पोती उचलू लागला. ह्याने थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं आणि स्वतःच धोतर ओढून काढलं. साचलेलं काळं पाणी नदीकडे गेलं. मग तो पोती उचलायला गेला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. मी शेजाऱ्याला विचारलं.

"भावाकडं गेला. त्याचे मेंढरं खाली नदीवर पाणी पेतेत. दोन दिवस हिरीवर पाजा म्हणून सांगायचं व्हतं. फोनवर भाऊ ऐकत न्हाई म्हणला."