परुळेकरांच्या गच्चीवरची शिडाची बोट

श्यामकांत परुळेकर सरकारी तपासणी खात्यात होते, आणि खात्याबाहेरही तपासणीच करत. भाजीवाल्याचा काटा, शेजाऱ्याची नवी स्कूटर, लग्नात वाढलेला मठ्ठा, काही सुटायचं नाही. चंदिगडच्या सेक्टर एकोणीसमधली मराठी मंडळी त्यांना घरी बोलवायच्या आधी पंख्याची खरखर दुरुस्त करून घेत, असं म्हणतात. थोडं वाढवून सांगत असतील, पण फार नाही.

माणूस मालवणचा. बदलीने अशा ठिकाणी येऊन पडला, की जवळचा समुद्रसुद्धा रेल्वेने दोन दिवसांवर. सुखना तळ्यावर पायडलच्या बोटी बघून ते असं तोंड करत, जसं कोणी माशाच्या आमटीत साखर घातलीय.

सत्त्याऐंशी साल होतं, पंजाबात दहशतवादाचे दिवस. संध्याकाळ झाली की नाकेबंदी, मोहालीकडे जाणारी बस बंद, माणसं दिवेलागणीला घरात. अशा वेळी शेजारच्या क्वार्टरमधले राजाभाऊ तिळवे रोज पत्ते खेळायला येत आणि पत्ते बाजूलाच राहत. कारण राजाभाऊंच्या हाती एक माहितीपत्रक लागलं होतं. मद्रासकडचा एक कारखाना साच्यातून फायबरच्या शिडाच्या बोटी काढत होता. सव्वीस फूट लांब, आत चार जणांना झोपायची सोय, स्वयंपाकाचा ओटा, छोटं इंजिन. दोन घरांनी मिळून घेतली तर परवडेल अशी. श्यामकांतांची वीस वर्षं नोकरी झालीच होती. स्वेच्छानिवृत्ती घ्यायची, मालवणला जायचं, आणि दिवाळी ते होळी दोन्ही कुटुंबांनी किनाऱ्याकिनाऱ्याने कारवारपर्यंत हिंडायचं. राजाभाऊ म्हणाले, "श्याम, तू पास केलीस की घेतली. शब्द माझा."

आता बोट घरी कशी बघायची? सरोजवहिनींनी, म्हणजे परुळेकरांच्या बायकोने, गच्चीवर ती खऱ्या मापात रांगोळीने काढली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काढतात तितक्या हौसेने. दोन्ही घरची माणसं त्यात आडवी झाली, कुणाचं कोपर कुणाला लागतं ते श्यामकांतांनी लिहून घेतलं. लेक पद्मजा, जिला मराठी कळायचं पण उत्तर हिंदीत यायचं, म्हणाली, "बाबा, इसमें मेरी पढ़ाई की टेबल कहाँ है?" ती मेडिकलला होती. सगळे हसले. सरोजवहिनी हसल्या नाहीत, पण चिमटीत रांगोळी असलेल्या बाईच्या तोंडाकडे कोण बघतं?

तेवढ्यात सीआरपीची गस्त वर आली. गच्चीवर एवढा मोठा नकाशा कसला, हे हवालदाराला पटवायला अर्धा तास गेला. तो बिहारमधला, गंगेकाठचा निघाला. जाताना त्याने सल्ला दिला की सुकाणू जरा मोठं ठेवा.

श्यामकांत रजा काढून मद्रासला गेले. तीन दिवस त्यांनी त्या बोटीचा जीव खाल्ला. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने इंचाइंचावर ठोकून आवाज ऐकला. झाकणांवर बादल्या ओतल्या. चारी बिछान्यांवर प्रत्येकी एक तास झोपले. वाऱ्यात बाहेर काढून मुद्दाम कलवली आणि आत ओट्यावरच्या पातेल्याचं काय होतं ते पाहिलं. परत येऊन चौदा पानी अहवाल टाइप केला.

आणि इथेच घात झाला. खात्याची रीत अशी, की दोष आधी, निर्णय शेवटी. राजाभाऊंनी दिवाणखान्यात सगळ्यांसमोर अहवाल वाचायला घेतला. पुढचं झाकण गळतं. शेगडी बोटीबरोबर कलते. बिछान्यांना आडोसा नाही. असे सत्तेचाळीस दोष त्यांनी कीर्तनकारासारखे ठासून वाचले आणि फाइल मिटली.

"शेवटचं पान वाचा ना," श्यामकांत म्हणाले. तिथे लिहिलं होतं, की एवढ्या किमतीत कुटुंबासाठी इतकी प्रामाणिक बोट मिळणार नाही, किरकोळ दुरुस्त्या करून अवश्य घ्यावी.

"श्याम, हे सत्तेचाळीस तूच लिहिलेस ना? मग?"

लिहिले होतेच. स्वतःच्या सहीचे दोष खोटे कसे म्हणणार? त्यांनी सरोजवहिनींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे, पुढे बघू. वर्षभर तो माणूस स्वतःलाच दोष देत राहिला, की आपल्याच काटेकोरपणाने बोट बुडवली. राजाभाऊंना मधेच गोव्याला बदली मिळाली. श्यामकांतांनीच त्यांचं सामान ट्रकवर चढवलं.

पुढच्या दिवाळीत राजाभाऊंच्या बायकोचं, सुरेखाचं, शुभेच्छापत्र आलं. बुकपोस्टाने, उघड्या पाकिटात. सरोजवहिनींच्या नावाचं होतं, पण पेटीतून काढताना फोटो श्यामकांतांच्या हातात घसरला. सुरेखा त्याच बोटीच्या ओट्याशी पोहे परतत होती. शेगडी दोन खिळींवर झुलत होती, अहवालाच्या नवव्या पानावर श्यामकांतांनी काढून दिली होती तशीच. बिछान्यांना कॅनव्हासचा आडोसा होता, तोही त्यांच्याच मापाचा. शेजारी राजाभाऊंचा मेहुणा हेरंब, दात काढून. फोटोच्या मागे लिहिलं होतं, "सरोज, तू तेव्हा बोललीस म्हणून हे जमलं."

सरोजवहिनी ओट्याशी करंज्या तळत होत्या. त्यांनी फोटो पाहिला आणि झारा खाली ठेवला.

"मीच राजाभाऊंना सांगितलं होतं, मागे फिरा म्हणून. पद्मजाची तीन वर्षं राहिली होती. असल्या दिवसांत तिला इथे एकटी सोडून तुम्ही समुद्रावर निघाला होतात."

"आणि त्यांनी घेतली, ते?"

"हेरंबबरोबर घेतली, ते मला नंतर कळलं. तुम्हाला कसं सांगू?"

"मला नको म्हणायचंस. मी ऐकलं असतं."

"नसतं ऐकलंत."

आता खरं सांगायचं तर नसतंच ऐकलं. पण सरोजवहिनींनी ऐकायची संधीच दिली नाही, हे जिव्हारी लागायचं ते लागलंच. राजाभाऊ तर परके. पण ही सबंध वर्षभर त्यांना स्वतःच्या नावाने हळहळताना बघत, रोज ताटात पोळी वाढत होती.

श्यामकांत फोटो घेऊन टेबलाशी बसले. सवयीने भिंग काढलं. ओट्याखाली, आत, गॅसचा सिलिंडर दिसत होता. तो बाहेर, मागच्या टोकाला ठेवावा असं अकराव्या पानावर होतं. गॅस हवेपेक्षा जड. गळला तर बोटीच्या तळात साचून राहतो, आणि एका काडीने सगळं जातं. एवढंच एक राजाभाऊंनी केलं नव्हतं. मागच्या टोकाला बर्फाची पेटी बसवली असेल बहुतेक.

मग पत्र लिहिलं. मायना नाही, खुशाली नाही. सिलिंडर बाहेर कसा हलवायचा, त्याच्या पेटीला गॅस निघून जायला भोक कुठे पाडायचं, नळी कोणती वापरायची, आकृतीसकट. खाली सही.

"द्या," सरोजवहिनी हात पुसत म्हणाल्या. "मी मार्केटला जातेच आहे, टाकते पेटीत."

श्यामकांतांनी पाकीट खिशात घातलं, चपला चढवल्या आणि स्वतः निघाले. वाटेत नाक्यावर जवानाने झडती घेतली, पाकीट उलटसुलट करून पाहिलं, परत दिलं. पोस्ट बंद व्हायला दहा मिनिटं होती. त्यांनी ते रजिस्टर केलं. त्या दिवसापासून परुळेकरांनी टपालात टाकायला म्हणून बायकोच्या हाती एकही कागद दिला नाही, आणि सरोजवहिनींनीही पुन्हा हात पुढे केला नाही.