तिथीसाठी रेखांश

आमच्या घरात घड्याळ नव्हतं, तरी मला दोन ठिकाणची वेळ कळायची. एक आमच्या नाटे गावाची आणि दुसरी आमच्या यांची. हे आगबोटीवर सुकाणी होते. साहेब सांगेल त्या दिशेला बोट धरून सुकाणूवर उभं राहायचं, एवढं काम. रोज दुपारी साहेब लोक सूर्य मोजून बोट कुठे आहे ते काढत आणि पाटीवर लिहीत. ते आकडे हे पत्रात घालत. शेजारणींना नवऱ्याच्या पत्रातून दोन तरी मायेचे शब्द येत. माझ्या पत्रात ‘श्री’च्या खाली अक्षांश आणि रेखांश. असला नवरा मी मागितला नव्हता, पण मिळाल्यावर आवडला.

मी मराठी चौथी शिकले होते, ते सासरी कुणाच्या उपयोगाचं नव्हतं. रजेवर आले असताना यांनीच ओटीवर खडूने उभ्या रेघा मारून हिशेब शिकवला. पंधरा रेघा म्हणजे एक तास. आपण त्र्याहत्तराव्या रेघेवर. बोट अठ्ठाविसाव्यावर असली तर वजा जाता पंचेचाळीस उरले, म्हणजे तिकडे तीन तास मागे. “तू दिवा लावशील तवा मी ऊन खात चाय पीत आसन,” असं म्हणाले.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मी हिशेब करायची. शाळेतले मास्तर नकाशावर जागा दाखवत. पत्र यायला महिना लागे, त्यामुळे मी ज्या जागेची वेळ काढायची तिथून बोट कधीच पुढे गेलेली असायची. हे मला कळत नव्हतं असं नाही. सासूबाई चिडवत, “काय गो, किती वाजले त्याचे? तो काय उपाशी नाय मरत. तू भात घाल.” त्यांच्या मते समुद्राला रेघा काढणारी मी आणि पाण्याला गाठ मारणारा त्यांचा झील, म्हणजे हे, दोघंही सारखेच खुळे.

मग पत्रं थांबली. विसाच्या सालानंतरचे दिवस होते ते. काही महिन्यांनी कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतून इंग्रजी पत्र आलं आणि मास्तरांनी ते आमच्या ओटीवर वाचलं. बोट अटलांटिक महासागरात वादळात सापडली. अमुक तारखेला रात्री तिचा बिनतारी संदेश आला, त्यानंतर काही नाही. ती बुडाली असं धरण्यात येत आहे.

सासूबाईंनी एवढंच विचारलं, “तिथी कुठली?”

भटजींनी पंचांग उघडलं आणि तिथेच घोडं अडलं. त्या रात्री दशमी होती आणि पहाटे एकादशी लागत होती. मास्तर म्हणाले, तिकडे रात्र होती तेव्हा इकडे पहाट झालेली असणार. कंपनीने लिहिलेली रात्र इकडची की तिकडची, आणि तिकडची असली तर आपण किती पुढे, हे बोटीचा रेखांश कळल्याशिवाय सांगता येणार नाही. रेखांश पत्रात नव्हताच. भटजी म्हणाले, चुकीच्या तिथीला दिलेलं पाणी पोचत नाही. देह मिळालेला नाही, तेव्हा बारा वर्षं वाट बघायची आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. तोवर तिथीचा शोध लावा.

तोवर माझं कुंकू राहणार होतं. मी मनातल्या मनात त्या हरवलेल्या रेखांशाला हात जोडले.

मी मराठीत सांगायची आणि मास्तर इंग्रजीत लिहायचे. बोट कुठे होती? रात्र कुणाच्या घड्याळाची? कंपनीचं पहिलं उत्तर आलं ते दुःखात सहभागी असल्याचं. दुसऱ्यात बोटीने शेवटी सोडलेल्या बंदराचं नाव होतं. कंपनी ताकास तूर लागू देत नव्हती. आम्ही दोघी एकाच पत्राची वाट बघत होतो. सासूबाईंना मुलाला पाणी द्यायचं होतं आणि मला ते द्यायचं नव्हतं. एका चुलीवरचं जेवून आम्ही एकमेकींच्या वाईटावर होतो.

तिसरं उत्तर यायला काही वर्षं गेली. त्यात लिहिलं होतं, ढगांमुळे कित्येक दिवस बोटीवर सूर्यच दिसला नव्हता. आपण नक्की कुठे आहोत ते सांगता येत नाही, असं शेवटच्या संदेशातच होतं. म्हणजे हे सुकाणूवर उभे असतील आणि समोरची पाटी कोरी असेल. यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ते मी कचेरीतल्या कारकुनाला विचारत बसले होते. त्या दिवसापासून मी हिशेब सोडला.

त्यानंतर पत्रांना उत्तरं आली नाहीत. बारा वर्षं भरली तेव्हा सासूबाईंना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. भटजी म्हणाले, तिथी मिळत नसेल तर त्या महिन्याची अमावस्या चालते. मी विचारलं, “मग हे आधी का नाय सांगितलंत?” ते म्हणाले, “आधी शोध घ्यावा लागतो.”

त्या अमावस्येला सकाळी सासूबाईंनी मला पुढ्यात बसवलं. बोटांनी माझं कपाळ चाचपलं आणि कुंकू लावलं. “हलू नको,” म्हणाल्या, “सरळ लागलं पायजे.” ते थोडं वाकडंच लागलं. मी सांगितलं नाही.

खाडीकाठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटजींनी संकल्प सांगितला. कुठलं वर्ष, कुठला देश, नदीचा कुठला काठ, महिना, तिथी, वार. आम्ही कुठे आणि केव्हा उभे आहोत ते अगदी नीट सांगितलं. हे कुठे आहेत, ते मात्र त्यात कुठेच नव्हतं. चुलत दिरांनी अग्नी दिला. ओली पानं पेटायला वेळ लागला.

घरी आल्यावर माझ्या बांगड्या गेल्या, कुंकू गेलं.

दिवेलागणीला मी दिवा लावला. सासूबाई आत अंथरुणावर होत्या. मला वाटलं, झोपल्या असतील. त्यांनी हळूच विचारलं, “किती वाजले असतील गो त्याचे?”

त्या चिडवत नव्हत्या. मी सवयीने त्र्याहत्तर धरले, पण त्यातून वजा करायला माझ्याकडे काही नव्हतं.