तेलाची वाटी

साखर काठावर आलीय, असं डॉक्टर म्हणाले आणि चाळिशी उलटल्यावर मी रंकाळ्यावर पळायला गेले. गेले ती थेट सुसाटच. पहिल्याच वळणावर बरगडीखाली अशी कळ आली की कठडा धरून उभी राहिले.

"ताई, बस चुकली काय?" फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलं. अस्सा राग आला!

दुसऱ्या दिवशी नडग्या आणि पोटऱ्या इतक्या भरून आल्या की जिना उतरताना तेहेतीस कोटी देव आठवले.

आबा, म्हणजे माझे वडील, माझ्याकडेच असतात. सगळं आयुष्य तालमीत गेलेलं. पैलवानांचं अंग रगडावं तर त्यांनीच. तोच उजवा हात अर्धांगाच्या झटक्यानंतर मांडीवर पडून होता. हलवला नाही तर कायमचा असाच राहील, हे डॉक्टरांनी बजावलेलं. पण दाबायला दिलेला रबरी चेंडू आबांनी भिंतीवर भिरकावला होता. "पोरांचं खेळणं देतोय व्हय मला!" मी ओरडले, रडले, हात जोडले. आबा ढिम्म.

त्या सकाळी मला लंगडताना बघून मात्र ते खवळले. "पहिल्याच दिवशी गदा आणायला गेलतीस काय? बोलता येतंय तवर पळायचं, धाप लागली की चालायचं. तेल आण. पाय पुढं कर."

मी पाय आखडून घेतले. बापाकडून पाय चोळून घ्यायचे?

"तालमीत असलं काय नसतंय. कर म्हणतो न्हवं!"

डाव्या हातानं सुरुवात केली त्यांनी. मग सवयीनं उजवाही उचलून पोटरीवर ठेवला. त्यात जोर नव्हता, नुसता थरथरत होता. मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग ते रोजचंच झालं. आबांनी सांगितलं तसं मी जरा पळायची, जरा चालायची आणि घरी येऊन पाय पुढं करायची. हळूहळू दुखणं कमी झालं, मग थांबलंच. अख्खी फेरी मारली तरी काही होईना. आली का पंचाईत! मी आपली उंबऱ्यापासूनच लंगडायला लागले. वर "आई गं!" पण म्हणायची, मोठ्यानं.

परवा आबांच्या उजव्या हाताचा अंगठा पोटरीत असा रुतला की मी किंचाळलेच.

"आज खरं वरडलीस," आबा म्हणाले. "इतकं दिस नाटक."

"तुम्हाला कळत होतं?"

"हाताला कळतंय की सगळं." त्यांनी उजव्या हातानंच तेलाची वाटी जवळ ओढली. "दुसरा पाय कर. आणि उद्या बी लंगडतच ये."