होळीत गेलेला जॅझचा खोका

तो खोका आठवला की आजही माझ्या कानात ट्रम्पेट वाजतो आणि नाकात धूर जातो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक पोलादपूरला होती. तालुका इतका शांत, की आमच्या रिकाम्या लॉकअपमध्ये कोळिष्टकं विणत कोळ्यांच्या तीन पिढ्या सुखाने नांदल्या. होळीच्या दिवशी सकाळी हजेरी चालू असतानाच एक गृहस्थ घाईघाईने ठाण्यात आले. महाडच्या कारखान्यात केमिस्ट होते. उभी नोकरी बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत काढली आणि निवृत्त होऊन उमरठच्या बाजूला एका वाडीत लहानसं घर घेतलं. सामान आदल्याच दिवशी आलेलं. आतल्या भिंतींचा रंग ओला, म्हणून लाकडी खोके पडवीत ठेवले. उजाडल्यावर पाहतात तर एक खोका गायब.

"काय होतं खोक्यात?"

"जॅझ."

हवालदाराचं पेन थांबलं. "साहेब, फुटणारं आहे का हो काही?"

फुटणारंच होतं म्हणा. अमेरिकन बाजाच्या तबकड्या! मुंबईच्या फुटपाथवरून, पारशांच्या लिलावातून, बंद पडलेल्या हॉटेलांतून एकेक करून जमवलेल्या. हवालदार 'काळ्या गोल तबकड्या' असं लिहून मोकळा होणार होता, पण गृहस्थ प्रत्येक तबकडीवर ढोल कोणाचा, पियानो कोणाचा, हेही सांगू लागले. वर्षभराचा कार्बन पेपर त्या एका तक्रारीत खपला.

जागा पाहायला त्यांच्या घरी गेलो. उरलेल्या खोक्यांत पुस्तकं आणि रद्दीतून आणलेली परदेशी मासिकं. त्यांची रीत मोठी कडक. आधी तबकडीच्या पाकिटावरचा मजकूर पोथीसारखा वाचायचा, मग सुई टेकवायची आणि डोळे मिटायचे. तबकडी संपेपर्यंत चहासुद्धा नाही.

"एवढं काय ऐकता हो त्यात?" मी विचारलं.

"वाजवतो त्याच्याकडे सगळेच कान देतात. मी कोण थांबलं ते ऐकतो," ते म्हणाले. मग हलक्या आवाजात, "मंडळी गेल्यापासून घरात बोलणारं तेवढंच उरलंय, साहेब."

मी टोपी घातली आणि निघालो.

माझ्या डोक्यात तोवर आंतरराष्ट्रीय टोळी तयार झाली होती. महाडचे सगळे भंगारवाले मी असे हलवले, की सव गावच्या कुंडातलं उकळतं पाणीसुद्धा भीतीने गार पडलं असेल. हाती काही लागलं नाही. परतताना नाक्यावर सुकट विकणारी एक म्हातारी हसायला लागली. ती आमची जुनी खबरी.

"सायब, शिमग्याला पडवीत लाकूड ठेवतो तो एक तर येडा, नाय तर परगावचा. भंगारात काय शोधता? होळीत बघा!"

मी घाटावरचा. या भागात होळीसाठी पोरं लाकूडफाटा चोरतात, मालकाने शिव्या घालाव्यात पण तक्रार करू नये, हा रिवाज मला कुठून माहीत असणार? आणि आमचे केमिस्ट इतकी वर्षं राहूनही कारखान्यातली पाळी आणि घरातली तबकडी याबाहेर कधी पडलेच नव्हते.

जीप वाडीवर घेतली. देवळासमोर होळी रचून तयार होती, माझ्या जीपवर जीप ठेवली तरी वर उरेल एवढी. दिवस कलला की पेटणार. तरण्या पोरांना ओळीने उभं केलं. त्यांत मुंबईहून आलेले चाकरमानीही होते.

"खोका? कसला खोका?"

"आम्ही तर गाडीतून आत्ताच उतरलो, साहेब. टेन्शन नका घेऊ."

सगळे एकदम कलकलाट करत होते. मी ओरडलो, "अरे, त्यात तबकड्या होत्या त्यांच्या!" आणि केमिस्टसाहेबांचं बोलणं आठवून कान लावला. सगळ्यांत मोठ्या तोंडाचा पोरगा गप्प झाला होता.

"तू का रे थांबलास?"

"साहेब... जड होता म्हणून लाकूडच भरलंय वाटलं. पार खाली रचलाय."

आता खरी पंचाईत. वाडीचे गावकर, म्हणजे गावचे प्रमुख मानकरी, पिकल्या मिशांचे, काठी टेकत पुढे आले. "सायब, होळीला दिलेला माघारी काढत नाय. तुमी कायदा दाखवाल, काढून न्याल. पन गाव काय म्हनंल?"

जीपचा आवाज ऐकून आलेले केमिस्ट माझ्या मागे उभे. रंग उडालेला चेहरा. तबकड्या गेल्या तर या माणसाचं घर मुकं होणार, आणि जबरदस्तीने काढल्या तर उद्यापासून वाडीत त्यांना कोणी पाणी विचारणार नाही.

मी विचारलं, "गावकर, पोरांनी गोठ्याचं दार चोरलं आणि दाराला गाय बांधलेली निघाली, तर गायही जाळाल?"

"शिव शिव! काय बोलता!"

"मग होळीचा हक्क लाकडावर, की आत अडकलेल्या जिवावर? यांचा जीव त्या तबकड्यांत आहे."

म्हाताऱ्याने मिशीवरून हात फिरवला. मग पोरांवर खेकसला, "बघता काय रे? गाय सोडवा!"

खोका निघाला. तबकड्या बाहेर, खोका परत होळीत. मुद्देमालाची ओळख पटवायची, या नावाखाली मी पडवीत एक तबकडी लावायला सांगितली. सगळी वाडी उकिडवी बसली. गावकर काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते.

"ह्यो सनईवाला रुसलाय काय कुनावर?"

"हो. मागचे त्याची समजूत घालतायत," केमिस्ट म्हणाले.

"मग वाजू दे. समजूत पटंपर्यंत कोनी उठू नका रे."

गुन्हा नोंदवण्याची वेळ आली नाही. 'माझी तक्रार नाही' असा जबाब त्यांनी आनंदाने दिला. कायद्याने मी तो खोका एका हुकमात काढला असता, पण माल परत मिळवून देणं आणि माणसाला त्याचं घर मिळवून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला वर्दीने नाही, त्या वाडीने शिकवलं. सुकटवाल्या म्हातारीचे, त्या गावकरांचे आणि रिवाज न कळणाऱ्या त्या केमिस्टचे उपकार मी अजून मानतो.

होळी पेटायच्या आधी केमिस्ट पडवीत परत गेले. पुस्तकं, मासिकं जमिनीवर काढून ठेवून उरलेले सगळे खोके एकेक करत स्वतः आणून होळीवर ठेवू लागले.

मी म्हटलं, "अहो, चांगले खोके आहेत. पुढे सामान हलवायला लागतील."

"आता कुठं जायचंय मला?" ते म्हणाले, आणि पोरांना हाक मारली, "अरे, शेवटचा सगळ्यांत मोठा, जड आहे, हात लावा!"