फुटलेल्या अ‍ॅम्पचा आवाज

मयुरीच्या डाव्या हाताचं मधलं बोट नीट वाकत नाही. ते तिच्या थोरल्या भावानं, हितेंद्रनं मोडलं. नवऱ्याचं घर सोडून ती असोद्याला माहेरी आली आणि हळदीच्या कार्यक्रमांत गिटार वाजवू लागली, तेव्हाची ही गोष्ट. त्यानं तिचा हात चौकटीत दाबून धरला आणि दार लाथेनं लोटलं. त्याच हाताला ओढणी गुंडाळून ती भुसावळच्या बसमध्ये बसली, ती परत राहायला गेली नाही.

मी तिच्याच ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो, म्हणून तिला जवळून ओळखतो. दीपनगरजवळ तिनं खोली घेतली. शेजारी लीलाधरनाना राहायचे. वीज केंद्रातून निवृत्त झालेले, तरुणपणी गिटार वाजवणारे. त्यांनी स्वतः बनवलेला, जुन्या रेडिओतल्यासारख्या नळ्यांचा म्हणजे व्हॉल्वचा अ‍ॅम्प्लिफायर घरात होता. काचेचे व्हॉल्व तापले की त्यातून असा भरदार आवाज निघायचा की अंगणातली माणसं बोलायची थांबायची. पण तो टेम्पोतून नेला की खड्ड्यांत व्हॉल्व फुटायचे.

म्हणून मयुरीनं जुना प्रोफायलर घेतला. हा डबा खऱ्या अ‍ॅम्पमध्ये आवाज सोडतो, स्पीकरसमोरच्या माइकमधून तो परत ऐकतो आणि त्या अ‍ॅम्पची नक्कल स्वतःत साठवतो. तिनं घाईघाईत नक्कल घेतली. हेडफोनवर ती गोड वाटली. धरणगावच्या हळदीत मोठ्या स्पीकरवर मात्र पत्रा घासल्यासारखी किंचाळली.

"बंद कर ते!" एक दारू प्यायलेला माणूस ओरडला आणि स्टेजवर चढून त्यानं गिटारच धरली. मयुरीनं त्याच्या पोटात लाथ मारली. खालून बाटली आली, तिच्या भुवईवर फुटली. मग मंडपात खुर्च्या उडाल्या. रक्तानं एक डोळा मिटलेला, तरी ती गिटार सोडत नव्हती. कुणीतरी हे सगळं मोबाइलवर घेतलं.

टाके निघाल्यावर ती नानांकडे गेली. "नाना, आवाज पुन्हा घ्यायचा. नीट."

त्या दुपारी मीही होतो. नानांनी स्पीकरच्या मधोमध असलेला माइक कडेकडे सरकवला. "मधे ठेवला की टोचतो," ते म्हणाले. आवाज फाडणारा गेनही उतरवला, कारण खोलीत दमदार वाटणारा फाटका आवाज मंडपात नुसता खरखरतो. मयुरीनं बटण दाबलं. डब्यानं अ‍ॅम्पमधून चित्रविचित्र आवाज काढले, शिट्या, घरघर. नाना हसले. पहिला टप्पा संपला. आता ती स्वतः वाजवणार आणि डबा तिच्या हाताप्रमाणे नक्कल सुधारणार, एवढंच राहिलं होतं.

दार उघडंच होतं. हितेंद्र आत आला. हातात ट्रॅक्टरची टॉमी, जाड लोखंडी सळई.

"तुले लाज नही वाटत का? बठ्ठं गाव तो व्हिडिओ पाहतंय!"

"भाऊ, बाहेर बोलू," मयुरी म्हणाली.

त्यानं टॉमी अ‍ॅम्पवर घातली. काच फुटली, जळका वास आला. नाना मधे पडले, "अरे, थांब!" म्हणेपर्यंत दुसरा घाव त्यांच्या कानाशी बसला. ते भिंतीला टेकून खाली घसरले. भिंतीवर रक्ताचा पट्टा उमटला.

मयुरीनं माइकचा स्टँड उचलला. त्याचं लोखंडी बूड तिनं हितेंद्रच्या कोपरावर हाणलं. टॉमी पडली. दुसरा घाव तोंडावर. तो कोसळला, तरी ती मारतच राहिली. मी तिला कमरेला धरून ओढलं, तर एक घाव माझ्या खांद्यावर आला. मी नसतो तर तिनं त्याला संपवलं असतं. ती हे नाकारत नाही.

त्याचा जबडा तारांनी बांधला. नानांना उजव्या कानानं ऐकू येईनासं झालं. दोन्हीकडून तक्रारी झाल्या, केस अजून चालू आहे. दवाखान्यात तिची आई, सुमनबाई, मयुरीला म्हणाल्या, "त्याचं तोंड मोडलं तू. आता तो जेवंन कसा?"

"माझा हात मोडला तेव्हा मी कशी जेवत होते, विचारलं होतं का?"

सुमनबाई तोंड फिरवून आत गेल्या.

नाना घरी आल्यावर मयुरी त्यांच्यासमोर नुसती बसून राहायची. एके दिवशी तेच चिडले. "रडत काय बसली? डबा आण."

नक्कल अर्धवट होती आणि ताडून पाहायला अ‍ॅम्प उरला नव्हता. आम्ही कार्यक्रमातला मोठा स्पीकर अंगणात लावला, कारण जेवढ्या जोरात वाजवायचं तेवढ्याच जोरात ऐकल्याशिवाय काही कळत नाही. नाना डावा कान पुढे करून बसले. खालचा गुबगुबाट कमी केला, वरची टोच छाटली, बोटाच्या दाबाला आवाज लगेच ओ देईल असं करून पाहिलं. नाना दर वेळी नाही म्हणून मान हलवायचे. दोघं भांडायचे. एकदा तिनं गिटार खाटेवर आपटली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी परत आली.

शेवटी एका संध्याकाळी तिनं एक लांब सूर ओढला आणि नानांनी पहिल्यांदाच नाही म्हणून मान हलवली नाही.

"तोच का?" तिनं विचारलं.

"नही. माझा असा नव्हता. पण हा वाजव."

तो आवाज घेऊन आम्ही धुळ्याला एका हळदीला गेलो. पहिल्याच गाण्यात मंडप नाचायला उठला. मागच्या बायकासुद्धा पुढे आल्या. मग नाचता नाचता दोन टोळक्यांत धक्का लागला, कमरेचे पट्टे निघाले, एक पोरगा डोकं धरून स्टेजला येऊन धडकला. मयुरीनं वाजवणं थांबवलं. गिटार उतरवून ठेवली.

"घाबरली का?" मी विचारलं.

"त्यांना नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, मी आता परत कुणालातरी मारीन."

ती स्टेजच्या मागे जाऊन बसली. यजमानांनी दोन्ही टोळकी बाहेर काढली, पोराच्या डोक्याला कुणी पाणी लावलं. मी तिला बोलवायला गेलो नाही. थोड्या वेळानं ती आपणहून आली, गिटारचा पट्टा खांद्यावर चढवला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.