रुख्माकाकूंचा एक ड्रम

फिल्टर प्लांटवर क्लोरीनचा वास आला की मलकापूरची आमची गल्ली आठवते. नळ बारा दिवसांनी यायचा, तोही तासभर. माझ्या बी.एस्सी.च्या शेवटच्या पेपरच्या सकाळी नेमका आला. आई तापाने पडलेली, म्हणून मीच भरायला बसले. शेजारच्या रुख्माकाकूंनी माझ्या हातातली नळी ओढली.

"काऊन वं, पेपर काय हे ड्रम देतीन?"

"काकू, पन तुमचं पानी?"

"मले नको शिकवू. पय!" म्हणत त्यांनी मला परीक्षेला पिटाळलं.

दुपारी परतले, तर आमचे ड्रम काठोकाठ आणि काकूंचा एकच भरलेला. तेव्हा मला फक्त पेपर दिल्याचा आनंद होता. आता धरणातून या भागातल्या शहरांना पाणी द्यायची योजना आखताना माणशी रोज किती लागतं, ते मी कागदावर लिहिते. काकूंच्या सहा माणसांच्या घराने एका ड्रमवर बारा दिवस काढले. आमच्या घरातली पहिली पदवी काकूंनी दिलेली आहे.