चेटकीण बहिणी आणि जेवणघराचा तिठा

कोन गावच्या दमयंतीमावशींना छप्पन्नाव्या वर्षी चेटकीण ही पदवी मिळाली, तीही छापील. मी रिसेप्शनला बसतो त्या वेलनेस रिट्रीटच्या फलकावर त्यांचा आणि धाकट्या चंद्रावतीमावशींचा फोटो आहे. खाली ‘विच सिस्टर्स’. काम मात्र घरचंच, मीठ-मोहरी-मिरची ओवाळून दृष्ट काढायची. मिठागरवाल्यांच्या लेकी, मिठाला काय तोटा! सकाळचे पाहुणे थोरलीकडे, दुपारचे धाकटीकडे.

मे महिन्यात पाहुण्यांना काहीतरी व्हायला लागलं. दमून यायचे, दृष्ट काढली की हलके व्हायचे, आणि संध्याकाळी जेवायला पाय ओढत पोचायचे. एक गृहस्थ तर सूप समोर असताना झोपले. मॅनेजर हेतल मॅडमनी दोघी बहिणींना बोलावलं. “शनिवारपर्यंत हे थांबलं नाही, तर तुमचं काम बंद.” चंद्रावतीमावशींच्या घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. त्या रडवेल्या झाल्या. थोरली म्हणाली, “बगते.”

त्या दिवशी दमयंतीमावशी दुपारी घरी न जाता जेवणघराबाहेरच्या बाकावर बसल्या. मी म्हणालो, “मावशी, मंत्र घालून शोधा की.”

“तू आदी पानी आन. मंत्र मंग.”

योगा हॉल, खोल्या आणि जेवणघर यांच्या वाटा जिथे मिळतात, तिथे संध्याकाळी चंद्रावतीमावशी मूठ मिटून आल्या. मीठ-मिरच्या टाकल्या आणि मागे न बघता निघाल्या. लगेच योगा सुटला. चाळीस पाहुणे ते मीठ ओलांडून गेले आणि पलीकडे जाईपर्यंत एकेकाचे खांदे उतरले. तिठ्यावर टाकलेला उतारा ओलांडला की लागतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आर्किटेक्टला कोण सांगणार?

दमयंतीमावशींनी धाकटीला कंपनीच्या गाडीपाशी गाठलं. “गो चंद्री! गावच्या तिठ्यावर का नाय टाकत?”

“गुडघं चालतात कुठं, बाय? मी कंपनीच्या गाडीनं जाते. गाडीत समदी बोलतात. उतारा हातात असताना बोलायचा नाय, तूच शिकवलंस ना?”

थोरली माघारी वळली. मग मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली, “चूक माजी हाय. उद्यापासून व्हनार नाय.” मॅडमनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना चांगले रिव्ह्यू हवे होते, ते शनिवारपासून यायला लागले.

आता दमयंतीमावशी संध्याकाळपर्यंत थांबतात आणि दोघींची पुडी घेऊन गावच्या जुन्या तिठ्यावर चालत जातात. महामार्ग झाल्यापासून त्या वाटेला कोणी फिरकत नाही. पाहुणे टवटवीत होऊन घरी जातात. मावशींची चाल तेवढी मंदावली आहे.

काल गेटवर धाकटीला राहवलं नाही. “बाय, रिक्षानं तरी जा गो.”

दमयंतीमावशींनी आधी पुडी कट्ट्यावर ठेवली, मगच तोंड उघडलं. “रिक्षावाला ‘कुठं जायचंय’ इचारतो. त्याला सांगू कशी?”

पुडी उचलली आणि निघाल्या.